सराटे आणि हजेरीपट

आमच्याकडे पाऊस उघडला की रस्त्याच्या कडेला सराटे पिकतात. बीड जिल्ह्यातली हलकी, मुरमाड जमीन त्यांना फार मानवते. वेल जमिनीला चिकटून पसरतो, त्याला पाच पाकळ्यांची पिवळी फुलं येतात. हिरवा असतो तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो वाळतो, फळ फुटून त्याचे पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे आणि दोन लहान काटे. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून बसतोच. वैद्य याला गोखरू म्हणतात. युनानी हकीम खारेखसक म्हणतात आणि मूतखड्यावर, लघवीच्या तक्रारींवर देतात. आमच्या शाळेतल्या मुलींना त्याचा औषधी उपयोग ठाऊक नाही. त्यांच्या लेखी सराटा म्हणजे पंक्चर.

मी तालुक्याच्या गावी एका उर्दू हायस्कुलात विज्ञान शिकवते. आठवी ते दहावीचे वर्ग माझ्याकडे असतात. बी.एड. झाल्यापासून इथंच आहे. आजूबाजूच्या खेड्यांत उर्दू शाळा आहेत, पण त्या बहुतेक सातवीपर्यंतच. पुढं उर्दूत शिकायचं तर मुलीला तीन, चार, कधी पाच किलोमीटर यावं लागतं. एस.टी. येते, पण तिची वेळ आणि शाळेची वेळ जुळत नाही. जीपमध्ये दाटीवाटीनं मोठी मुलगी बसवायला घरचे राजी नसतात. मग राहते सायकल. मानव विकास कार्यक्रमातून आठवीपासून पुढच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. काहींना भावाची जुनी सायकल मिळते. कुणी घरची शेळी विकून घेते.

सायकल आली की मुलगी शाळेत येते, एवढं खरं. २००६ साली बिहार सरकारनं नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण तिच्यामुळं जवळपास तीस टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. त्याही आधी, १९९० नंतरच्या काळात, तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत मुसलमान बायकाही होत्या. पी. साईनाथ यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि तो लेख हिंदीच्या पाठ्यपुस्तकात धडा म्हणून मुलांनी वाचला. चाकाची ताकद किती, हे मला वेगळं सांगायला नको.

पण हजेरीपट भरणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली की लांबून येणाऱ्या मुलींच्या नावांपुढं रिकाम्या चौकटी वाढतात. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. "आपा, पंक्चर था."

शहरातल्या वाचकाला हे हास्यास्पद वाटेल. एक पंक्चर काढायला लागतात वीस मिनिटं. पण ही वीस मिनिटं खेड्यात कशी लांबतात ते पाहा. मुलगी निम्म्या वाटेवर असताना सायकल बसते. ती ढकलत घरी परत जाते, कारण घर जवळ असतं. गावात पंक्चरचं दुकान नसतं. अब्बा रानात किंवा कामावर. भाऊ असला तर तो म्हणतो, इतवारी नेतो. रविवार येतो आणि जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी अम्मीला सवय होते की मुलगी घरात आहे, भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. आठव्या दिवशी दादी म्हणते, आता राहू दे, दहावी करून काय करणार आहे? शाळा सुटते ती अशी. कुणी भांडत नाही, कुणी ठरवत नाही. सायकल भिंतीला टेकून उभी राहते आणि तिच्यावर गोधड्या वाळत पडतात.

सायकल देण्याच्या योजना पुष्कळ झाल्या. तिच्या पोटातली हवा टिकवायला मुलीला कुणी शिकवलं नाही.

मला ते येत होतं, कारण माझ्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. बसस्टँडच्या मागं, लिंबाखाली, चार पत्रे आणि एक लाकडी पेटी. पूर्वी तासावर भाड्यानं सायकली द्यायचे. पुढं मोटारसायकली आल्या, भाड्याचा धंदा बसला आणि पंक्चर, हवा, ब्रेक, चेन एवढंच उरलं. त्यातूनच आम्ही चार भावंडं शिकलो. माझी बी.एड.ची फी त्यातूनच गेली. अब्बा चौथीपर्यंत शिकलेले, पण कामाला त्यांची एक शिस्त होती. गिऱ्हाईक घाईत असलं तरी ते आधी ट्यूबला हात लावत नसत. म्हणायचे, "पहले कायकू हुआ वो देखना. फिर हात लगाना."

छिद्र बघून ते पूर्ण हकीकत सांगायचे. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर काटा किंवा तार. आणि तो अजून टायरमध्येच रुतलेला असण्याचा संभव जास्त. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर काटा नव्हे. हवा कमी होती, चाक खड्ड्यात आपटलं आणि रिमनं ट्यूबला चिमटा घेतला. छिद्र आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर आऱ्याचं टोक वर आलंय किंवा रिमपट्टी सरकलीय. वॉलच्या मुळाशी फाटली असेल तर कमी हवेवर सायकल चालवून चालवून ट्यूब आतल्या आत सरकलीय. तिथं ठिगळ टिकत नाही, ट्यूब बदलावी लागते. आणि पाण्यात फिरवूनही कुठंच बुडबुडा येत नसेल तर दोष ट्यूबचा नाहीच. वॉलमधली ती बोटाच्या पेराएवढी रबरी नळी, वॉलट्यूब, कुजलेली असते. वॉलच्या तोंडाला थुंकी लावायची. फुगा आला की समजायचं. पैशा-दोन पैशांचा माल, पण त्याच्यापायी माणसं चांगली ट्यूब फेकून देतात.

टायरमधून निघालेली प्रत्येक वस्तू अब्बा डालडाच्या एका जुन्या डब्यात टाकत. सराटे, वेड्या बाभळीचे काटे, बाइंडिंगची तार, काचा, पत्रीचे खिळे. पत्रीचे खिळे आमच्या भागाचं वैशिष्ट्य. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात, त्याआधी बैलांना पत्र्या मारल्या जातात. ते काम बहुधा आपले नालबंद भाई करतात. बैल शेकडो कोस चालतो, पत्री झिजते, खिळा रस्त्यावर गळतो आणि मागून येणाऱ्या सायकलीत शिरतो. अब्बा हसून म्हणायचे, नालबंदाच्या हातची भाकर पंक्चरवाल्याच्या घरी येते.

तो डबा मी शाळेत आणून ठेवला. आठवीला दाबाचा धडा शिकवताना तो कामी येतो. उर्दूत आम्ही शिकवतो, दबाव म्हणजे कुव्वत भागिले रकबा. रकबा हा शब्द मुलींना सातबाऱ्यामुळं ठाऊक असतो, शेताचा रकबा. मी विचारते, सराट्याच्या टोकाचा रकबा किती? त्या हसतात. मग त्यांना पटतं की मुलगी आणि सायकल यांचं वजन जेव्हा त्या सुईएवढ्या टोकावर येतं तेव्हा रबर का टिकत नाही. त्याच धड्यात हवाही येते. टायरमध्ये हवा कमी असली तर टायर जमिनीवर पसरतो, त्याचा जास्त भाग रस्त्याला टेकतो, जास्त काटे वेचतो आणि रिम खाली येऊन ट्यूबला चिमटा काढतो. पंक्चर टाळायचा पहिला उपाय म्हणून हवा पुरेशी ठेवणे, हे तिथं आपोआप कळतं.

मुलींना या चाकाची कथाही सांगते. जॉन बॉईड डनलॉप हा स्कॉटलंडचा गुरांचा डॉक्टर बेलफास्टला राहत असे. १८८७ साली मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी त्यानं रबरी नळीत हवा भरून चाकाला बसवली आणि पुढच्या वर्षी पेटंट घेतलं. पुढं लक्षात आलं की रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं १८४५ सालीच अशा टायरचं पेटंट घेतलं होतं, आणि डनलॉपचं रद्द झालं. पण खरी अडचण वेगळीच होती. सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर झालं की ते उखडायचे, दुरुस्त करायचे, पुन्हा चिकटवायचे आणि रात्रभर वाळू द्यायचे. फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंकडे १८८९ साली अशीच एक सायकल दुरुस्तीला आली. तिच्यापायी त्यांच्या डोक्यात काढता-घालता येणारा टायर आला. १८९१ साली पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे बाराशे किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ यानं त्यांच्या टायरवर जिंकली. वाटेत पंक्चर झाली, पण ती वाटेतच निघाली. हवेच्या चाकाचा जगभर फैलाव झाला तो ते दुरुस्त करता येऊ लागल्यावर. माझ्या विद्यार्थिनींसाठी या कथेत मोठा धडा आहे.

शनिवारी सकाळची शाळा असते. कार्यानुभवाच्या तासाला पूर्वी कागदी फुलं, तोरणं असं काही व्हायचं. हेडमास्तर सरांना मी म्हटलं, महिन्यातून दोन शनिवार मला द्या. त्यांनी दिले. सामान असं: एक हातपंप, एक पाना, टायर उचलायला दोन लिव्हर, कानस किंवा खरपेपर, सोल्युशनची ट्यूब, पॅच, आणि पाण्याला एक घमेलं. पॅच संपले की जुन्या ट्यूबचे तुकडे कापतो. पॅच-सोल्युशनची डबी वहीपेक्षा महाग नसते.

सायकल सीट आणि हँडलवर उलटी उभी करायची. चाक फिरवून टायरवरून नजर टाकायची. काटा दिसला तर तिथं खडूनं खूण करायची आणि मगच उपटायचा. वॉल काढून उरलीसुरली हवा सोडायची. टायरची कड हातानं मोकळी करून, लिव्हर घालून एका बाजूनं बाहेर काढायची. स्क्रू-ड्रायव्हर घातला तर त्याचं टोक ट्यूबला दुसरं पंक्चर करतं, म्हणून तो वर्ज्य. ट्यूब बाहेर ओढून, वॉल पुन्हा बसवून, हवा भरून घमेल्यात थोडी थोडी फिरवायची. बुडबुडे आले तिथं खूण. एक सापडलं म्हणून थांबायचं नाही, पूर्ण ट्यूब फिरवायची. मग कोरडी करून कानशीनं घासायची, चकाकी जाईतोवर. सोल्युशन पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पातळ लावायचं.

यापुढची पायरी सगळ्यांत अवघड, कारण तिच्यात काही करायचं नसतं. सोल्युशन वाळेपर्यंत थांबायचं. त्यात रबर पातळ करायला घातलेलं द्रव्य असतं, ते उडून जावं लागतं. ओलं असतानाच पॅच दाबला तर ते आत कोंडतं आणि ठिगळ सुटतं. बोट लावून पाहिल्यावर बोटाला लागू नये, इतपत वाळलं पाहिजे. माझ्या मुली तोवर एक छोटी सूरत म्हणतात आणि मग पॅच लावतात. मधून कडेपर्यंत जोरात दाबायचा. कडेला उरलेल्या चिकटपणावर खडूची भुकटी. शाळेत तिचा काय तोटा!

मग अब्बांची शिस्त. ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. सावकाश, कापड गुंडाळून, कारण काच असेल तर बोट कापतं. सराट्याचं मोडलेलं टोक आत राहिलेलं असतं. बाभळीचा काटा तर हमखास आत मोडतो. ते टोक राहू दिलं तर घरी पोचायच्या आत नवीन ठिगळाशेजारी नवीन छिद्र. टायरला मोठी चीर असेल तर आतून जुन्या टायरच्या तुकड्याचा गेटर लावायचा. शेवटी ट्यूबमध्ये किंचित हवा भरून ती टायरमध्ये बसवायची, म्हणजे वळत नाही. टायरची कड हातानंच चढवायची, आणि वॉलजवळ ट्यूब कडेखाली दबली नाही ना ते पाहून पूर्ण हवा भरायची.

पहिल्या दोन शनिवारी मुली खुश होत्या. तिसऱ्या वेळी एका मुलीची अम्मी शाळेत आली. बुरखा सावरत बाकावर बसली. तिला राग आला होता, पण बोलली अदबीनं. म्हणाली, "आपा, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या. आमच्या पोरीला तुमच्यासारखं व्हावं म्हणून पाठवतो. पंक्चर काढायला तिचे चाचा आहेत, मामू आहेत. आमच्या सगळ्या खानदानानं तेच केलं. त्यातनं एक तरी पोर बाहेर निघावी म्हणून मी भांडून तिला शाळेत घातलं. आणि तुम्ही तिच्या हातात पुन्हा सोल्युशन देता?"

तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. सच्चर समितीनं २००६ साली अहवाल दिला, त्यात मुसलमान कामगारांत स्वतःच्या छोट्या धंद्यावर जगणारे इतरांपेक्षा जास्त आणि पगारी नोकरीत कमी, असं आकड्यांनिशी दाखवलं होतं. छोटा धंदा म्हणजे काय, ते त्या बाईला अहवाल न वाचता माहीत होतं. शिवाय हल्ली मोबाईलवर आपल्या माणसाची टर उडवायची असली की एक शब्द वापरला जातो, पंक्चरवाला. तिच्या मुलीनं तो वाचला असणार. माझ्याही वाचनात येतो. ज्या घरावर हा शब्द थुंकल्यासारखा फेकला जातो, त्या घरातल्या आईला मुलीच्या नखात काळं वंगण दिसलं तर तिच्या काळजात काय होत असेल!

मी तिला म्हटलं, "खाला, माझे अब्बा पंक्चर काढायचे." ती गप्प झाली. मी पुढं म्हटलं, "पंक्चर काढता येणं वेगळं आणि दुसरं काहीच न येता आयुष्यभर पंक्चरच काढावं लागणं वेगळं. तुमची मुलगी दुकानात बसू नये म्हणूनच मी हे शिकवते. तिची शाळा सायकलीवर आहे आणि सायकल हवेवर."

तिला पटलं असं मी म्हणणार नाही. ती एवढंच म्हणाली, "हाथ धुलाके भेजना." तेव्हापासून शनिवारच्या सामानात साबणाची वडी आणि थोडं खोबरेल आलं. वंगण तेलानं निघतं, मग साबण.

त्या बोलण्यावर मी बराच काळ विचार करते आहे. आपल्या समाजात सध्या दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, मेहनतीची रोटी आहे, हलाल आहे, लाज कसली? दुसरा म्हणतो, किती दिवस पाना आणि हातोडी, पोरं डॉक्टर-इंजिनिअर झाली पाहिजेत. दोन्ही बरोबर आहेत आणि दोन्ही एकमेकांना ऐकत नाहीत. पहिल्या सुराचा आधार घेऊन आपण दहा वर्षांच्या मुलाला दुकानावर बसवतो आणि त्याला हुनर म्हणतो. दुसऱ्या सुराच्या भरात मुलाला हातानं काही करू देत नाही, आणि दहावीचा मुलगा घरचा फ्यूज उडाला की शेजाऱ्याला हाक मारतो. अब्बांनी मला दुकानात बसवलं ते सुट्टीच्या दिवशी, आणि शाळेच्या दिवशी दुकानाकडे फिरकू दिलं नाही. त्यांच्याकडे मोठे शब्द नव्हते. पण ही रेघ त्यांनी बरोबर मारली होती.

आणि पंक्चरवाला म्हणून हिणवणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन की त्यांची स्वतःची गाडी रस्त्यात बसली की तेही त्याच लिंबाखाली येतात. अब्बांनी कुणाला नाव विचारून हवा भरली नाही.

आता या शिकवण्यानं काय झालं, असं कुणी विचारील. चमत्कार झाला नाही. एक मुलगी आई-बापांबरोबर ऊसतोडीला गेली ती त्या वर्षी परतलीच नाही. तिच्या शाळेला लागलेलं भोक मोठं होतं, माझ्या पॅचचं ते काम नव्हतं. पण "पंक्चर था" म्हणून आठ-आठ दिवस घरी बसणं कमी झालं. एकाच वाटेनं येणाऱ्या चार मुलींमध्ये एक डबी आणि एक पंप फिरतो. नववीतली एक मुलगी तर वाटेत थांबून पंक्चर काढून तिसऱ्या तासाला हजर झाली. मी तिला उशिराची नोंद दिली, कारण नियम नियम. पण हजेरी लावली. ती अम्मी ज्या मुलीसाठी आली होती, ती दहावी पास झाली आणि अकरावीला सायन्सला गेली. तिची सायकल आता धाकटी चालवते.

मुलींनी वर्गाच्या भिंतीवर उर्दूत एक तक्ता लावलाय, त्याचा मतलब इथं देते. दर जुम्मेरातीला हवा बघा. अंगठ्यानं जोरात दाबून टायर दबत असेल तर भरा. शाळेतून आल्यावर चाक एकदा फिरवून टायरवरचे काटे वेचा. रुतलेला सराटा पहिल्या दिवशी ट्यूबपर्यंत पोचतोच असं नाही, दोन दिवसांच्या दाबानं पोचतो. धुऱ्यावरून, बांधावरून सायकल चालवू नका, उचलून न्या. गाडीला वाट द्यायला एकदम कडेला उतरू नका, सराटे कडेलाच असतात. टायरची नक्षी पुसून आतले धागे दिसू लागले की टायर बदलायला सांगा, ठिगळांचा खर्च त्याहून जास्त होतो. सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर हवा भरून ठेवा. बसलेल्या टायरवर उभी ठेवली तर टायर आणि ट्यूब घडीवर चिरते. आणि वॉलची टोपी हरवू नका, तिच्यामुळं वॉलमध्ये माती जात नाही.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे मास्तर आणि आपा बरेच असतील. आपल्या शाळांत प्रयोगशाळेला पैसे नसतात, हे गाऱ्हाणं जुनं आहे आणि खरंही आहे. पण एक घमेलं पाणी, एक फुटकी ट्यूब आणि एक सराटा एवढ्यावर दाबाचा पूर्ण धडा होतो. आणि ज्यांच्या घरात सायकलीनं शाळेला जाणारी मुलगी आहे, त्यांना एक सुचवते. येत्या ईदेला ईदीच्या नोटेबरोबर तिला एक हातपंप आणि पॅचची डबी द्या. जोडीला एक साबणाची वडी. आणि पहिलं पंक्चर तिला तिच्याच हातानं काढू द्या. तासभर लागेल. लागू दे.